व्हीसीडीची डीव्हीडी करताना चित्राला हात लावू नका

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरला रामबागेतल्या घरी १९९९ ते २००६ या काळातल्या व्हीसीडींचा, म्हणजे व्हिडिओ सीडींचा, एक आल्बम आहे. त्यात लग्नं आहेत, मुंजी आहेत, गणेशोत्सवातले गाण्याचे कार्यक्रम आहेत. आताच्या डीव्हीडी प्लेयरवर त्यातल्या काही नीट लागतात, काहींवर ‘नो डिस्क’ येतं, काही शेवटाकडे अडखळतात. बाजारात विचारलं तर एकाने डिस्कमागे पैसे सांगितले आणि ‘फुल डीव्हीडी क्वालिटी’ करून देतो म्हणाला. हे घरी जमेल का, आणि चित्र खरंच सुधारेल का?

घरी जमेल. चित्र सुधारणार नाही. पण ते बिघडूही द्यायचं नाही, आणि नेमकं तेच बहुतेक ठिकाणी घडतं. व्हीसीडीतलं चित्र जसंच्या तसं डीव्हीडीवर बसवता येतं, ते नव्याने एन्कोड करावं, म्हणजे पुन्हा दाबून लहान करावं लागत नाही. बदलावा लागतो फक्त आवाज. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे लोक तासन्‌तास कन्व्हर्जन करत बसतात आणि आधीच दाबलेलं चित्र आणखी एकदा दाबतात.

आधी प्लेयरचं बघा. ‘व्हीसीडी लागत नाही’ या तक्रारीमागे तीन-चार वेगवेगळी कारणं असतात आणि त्यातल्या सगळ्यांवर डीव्हीडी हा उपाय नाही. डीव्हीडी वाचायला ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर लागतो, सीडी आणि व्हीसीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा. प्लेयरच्या पिकअपमध्ये, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या भागात, दोन्ही लेझर असतात आणि दोन्ही एकाच वेळी म्हातारे होत नाहीत. तुमच्या प्लेयरवर सगळ्या डीव्हीडी लागत असतील आणि ऑडिओ सीडीसुद्धा लागत नसेल, तर व्हीसीडी चांगल्या आहेत, ७८०चा लेझर थकला आहे. अशा वेळी डीव्हीडी करून घेणं हा खरा इलाज ठरतो. उलट छापील सिनेमाची व्हीसीडी लागते आणि व्हिडिओवाल्याने रेकॉर्ड करून दिलेली लागत नाही, तर दोष रेकॉर्डेबल सीडीच्या रंगद्रव्याचा. त्या थराचं परावर्तन मुळातच कमी असतं, आणि वर्षांनी तो आणखी फिका पडतो. तिसरी शक्यता साधी आहे. डिस्क फिरते, पडद्यावर मेनू दिसतो आणि पुढे काहीच होत नाही. तिथे रिमोटवरचं पीबीसी (प्लेबॅक कंट्रोल, डिस्कवरचा मेनू चालवणारी सोय) बटण दाबून पीबीसी बंद करा आणि ट्रॅकचा आकडा दाबा. लग्नाच्या व्हीसीडीवर केलेले हौशी मेनू बऱ्याच प्लेयरना पचत नाहीत.

आता हातात काय आहे ते ओळखा. डिस्क संगणकात घातल्यावर ‘एमपेगएव्ही’ नावाचा फोल्डर आणि त्यात ‘एव्हीसेक०१.डॅट’ अशी फाइल दिसली, तर ती व्हीसीडी. ‘एमपेग२’ नावाचा फोल्डर असेल तर ती एसव्हीसीडी, म्हणजे सुपर व्हीसीडी. दोन्हींचा मार्ग वेगळा आहे. खात्रीसाठी मीडियाइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर घाला आणि फाइल त्यात उघडा. आपल्याकडच्या अस्सल व्हीसीडीत हे आकडे दिसले पाहिजेत: एमपेग-१ (चित्र दाबण्याची पद्धत), ३५२ बाय २८८, सेकंदाला २५ फ्रेम, व्हिडिओ सेकंदाला ११५० किलोबिट, आवाज एमपेग लेयर-२, ४४.१ किलोहर्ट्झ, २२४ किलोबिट. एसव्हीसीडीत एमपेग-२, ४८० बाय ५७६, आणि बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारी माहिती, कमीजास्त होत २६०० किलोबिटच्या आसपासपर्यंत जाणारा.

डीव्हीडीच्या नियमांत ३५२ बाय २८८चं एमपेग-१ चित्र बसतं, १८५६ किलोबिटच्या मर्यादेत. व्हीसीडीचं चित्र ११५०चं, म्हणजे आरामात आत. आवाज मात्र डीव्हीडीला ४८ किलोहर्ट्झच लागतो, ४४.१ चालत नाही. शिवाय व्हीसीडीतले पॅक, म्हणजे माहितीचे गठ्ठे, २३२४ बाइटचे असतात, डीव्हीडीत ते २०४८चे असावे लागतात आणि मध्ये मध्ये नेव्हिगेशनचे पॅक लागतात. म्हणून डॅट फाइल नुसती डीव्हीडीवर ओढून टाकली की ती डीव्हीडी-व्हिडिओ होत नाही. आवाज बदलायचा, पॅक नव्याने बांधायचे, चित्राचे बिट तसेच ठेवायचे. काम एवढंच आहे.

यातला सगळ्यात अवघड भाग कन्व्हर्जन नाही, डिस्क वाचणं आहे. वेळ आणि काळजी तिथे खर्च करा.

कारण समजून घ्या. साध्या डेटा सीडीच्या प्रत्येक सेक्टरमध्ये, म्हणजे माहितीच्या ठरावीक मापाच्या तुकड्यात, २०४८ बाइट माहिती आणि २७६ बाइट चूक दुरुस्तीचे असतात. व्हीसीडीच्या व्हिडिओ सेक्टरमध्ये ते २७६ बाइटही चित्रासाठीच वापरले आहेत. २०४८ आणि २७६ मिळून २३२४, तोच वरचा आकडा. त्यामुळेच ७०० एमबीच्या सीडीवर ८०० एमबीच्या घरात जाणारी फाइल दिसते आणि ८० मिनिटं मावतात. पण त्याची किंमत अशी, की दुरुस्तीचा शेवटचा थर व्हीसीडीला नसतो. ज्या ओरखड्यावर डेटा सीडी सहज तरून जाते, तिथे व्हीसीडीवर चौकोन उमटतात.

डिस्क हातात घ्या आणि दिव्यासमोर धरा. चमकदार थरात टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली, तर तिथला मजकूर गेला, तो कोणीही परत आणू शकत नाही. सीडी आतून बाहेर वाचली जाते. म्हणून काठाजवळचं नुकसान म्हणजे कार्यक्रमाचा शेवट, बहुतेक वेळा पाठवणी किंवा भैरवी. खालच्या, वाचण्याच्या बाजूचा ओरखडा बरा, कारण तिथे एक मिलिमीटरहून जाड प्लास्टिक आहे. लेबलच्या बाजूचा वाईट. त्या बाजूला चमकदार थरावर लाखेचा पातळ मुलामा असतो आणि बस्स. बॉलपेनने दाबून लिहिलेल्या नावाखालीही माहिती मेलेली असते.

इंदूरच्या हवेचा एक खास त्रास आहे. त्या काळी व्हिडिओवाले रेक्झिनच्या आल्बममध्ये प्लास्टिकच्या खिशात डिस्क घालून देत. मे महिन्यातलं ऊन माळ्यावरच्या खोलीत साठतं, मग पावसाळ्याची दमट हवा, आणि असं दहा-वीस वर्षं. खिशाचं प्लास्टिक लेबलच्या बाजूला चिकटून बसतं. ते खसकन ओढलंत तर रुपेरी थर खिशाबरोबर निघून येईल. खिसा तिन्ही बाजूंनी कात्रीने कापा, डिस्क टेबलावर सपाट ठेवा आणि प्लास्टिक डिस्कला जवळजवळ समांतर, मागे दुमडत, सावकाश सोलत आणा. डिस्क वाकवू नका. एखाद्या जागी अडलं तर ती बाजू सोडून दुसऱ्या टोकाने या.

धूळ आणि बोटांचे ठसे मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापडाने मध्यापासून काठाकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल पुसताना पडलेला ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि सलग माहिती खातो, आडवा ओरखडा प्रत्येक फेरीत थोडीशीच खातो. चिकट डाग असेल तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब पुरतो. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, पेट्रोल यांतलं काही नको. प्लास्टिक धुरकट होतं आणि ते परत येत नाही. टूथपेस्ट घासण्याचा सल्लाही सगळीकडे मिळतो. खालच्या बाजूचा एखादाच खोल ओरखडा असेल आणि बाकी सगळे उपाय थकले असतील, तेव्हाच, आणि तोही शेवटी.

वाचण्यासाठी लॅपटॉपला जोडायचा चपटा यूएसबी रायटर चालतो, पण हट्टी डिस्कसाठी डेस्कटॉपमधला मोठा, ५.२५ इंची सॅटा रायटर बरा. सिल्व्हर मॉलमधल्या संगणकवाल्यांकडे किंवा दुरुस्तीच्या दुकानात जुना रायटर अजून मिळून जातो. दोन वेगळ्या कंपन्यांचे दोन रायटर जमवता आले तर फारच छान. एकाला न वाचता आलेली जागा दुसरा सहज वाचतो असा अनुभव या कामात वारंवार येतो, आणि कुठला ड्राइव्ह कुठल्या डिस्कवर चालेल हे आधी सांगता येत नाही.

फाइल काढण्याच्या पद्धती तीन. डिस्क स्वच्छ असेल तर विंडोजमध्ये डॅट फाइल सरळ कॉपी करा. विंडोज ती एका वेष्टनात गुंडाळून देतं, त्यामुळे नाव बदलून ‘एमपीजी’ केलं तरी काही सॉफ्टवेअर ती नाकारतात. व्हीसीडीगिअर हे छोटं जुनं सॉफ्टवेअर डॅटवरचं वेष्टन काढून शुद्ध एमपेग करून देतं आणि त्यातच बारीक चुका दुरुस्त करण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. लिनक्समध्ये फाइल मॅनेजरमधून ओढलं तर ‘इनपुट-आउटपुट एरर’ येईल. डिस्क खराब आहे असं समजू नका, ते सेक्टर वेगळ्या जातीचे आहेत एवढंच. तिथे व्हीसीडीइमेजर या संचातलं व्हीसीडीएक्सरिप वापरा, ते मेनूची स्थिर चित्रंही वेगळी काढून देतं.

विंडोजची कॉपी मध्येच ‘सायक्लिक रिडंडन्सी’ म्हणून थांबली, तर आयसोबस्टर हे खराब डिस्क वाचायचं सॉफ्टवेअर उघडा. त्यात व्हिडिओ ट्रॅकवर उजवी क्लिक करून फक्त ‘एम२एफ२ एमपेग व्हिडिओ फ्रेम्स’ गाळून काढण्याचा पर्याय निवडा. न वाचता येणारा सेक्टर आला की ते विचारतं: पुन्हा प्रयत्न करू, शून्य भरू, की वगळू? आधी दोन-चार वेळा पुन्हा प्रयत्न करू द्या, मग शून्य भरा. वगळू नका. वगळलं की पुढचं सगळं सरकतं, आणि शून्य भरलं तर तेवढाच अर्धा सेकंद चौकोन दिसून चित्र पुन्हा सावरतं. ड्राइव्हचा वेग ४ एक्स किंवा ८ एक्सवर आणा. पूर्ण वेगात फिरणारी वाकडी डिस्क थरथरते आणि चांगले सेक्टरही वाईट वाटतात.

निघालेली फाइल व्हीएलसीमध्ये लावा. सगळी बघायची गरज नाही, पण शेवटची पाच मिनिटं नक्की बघा आणि मध्ये चार-पाच ठिकाणी उडी मारा. ओठ आणि आवाज जुळत असतील तर पुढे चला. ही एमपीजी फाइल म्हणजे तुमची खरी मूळ प्रत. ती हार्ड डिस्कवर कायमची ठेवा, डीव्हीडी झाल्यावरही पुसू नका.

डीव्हीडी बांधायला डीव्हीडीस्टायलर पुरेसं आहे. फुकट आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. नवा प्रकल्प उघडताना क्षमता ४.७ जीबी, पद्धत पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत), गुणोत्तर ४:३ ठेवा. आताच्या टीव्हीच्या मोहाने १६:९ निवडू नका, माणसं आडवी फुगतील. वर-खाली काळ्या पट्ट्या असलेला सिनेमा असला तरी व्हीसीडीची पूर्ण चौकट ४:३चीच असते. फाइल खालच्या पट्टीत ओढा आणि तिच्या गुणधर्मांत जाऊन व्हिडिओच्या रकान्यात ‘कॉपी’ निवडा. आवाजाच्या रकान्यात एसी-३ (डॉल्बीची आवाजाची पद्धत), ४८ किलोहर्ट्झ, २२४ किलोबिट. एमपी२ आवाजही पालमध्ये चालतो, पण एसी-३ प्रत्येक प्लेयरवर चालतो, मग धोका कशाला?

‘कॉपी’ खरंच झाली का हे ओळखायची सोपी खूण म्हणजे वेळ. चित्र तसंच उचललं जात असेल तर तासाभराचं काम काही मिनिटांत उरकतं. संगणकाचा पंखा घोंगावतोय आणि टक्केवारी मुंगीच्या गतीने सरकतेय, तर चित्र पुन्हा एन्कोड होतंय, थांबवा आणि गुणधर्म तपासा. थेट डिस्क जाळू, म्हणजे रायटरने लिहू नका, आधी हार्ड डिस्कवरच्या फोल्डरमध्ये बनवायला सांगा. मग ‘व्हिडिओ_टीएस’ फोल्डरमधली मोठी व्हीओबी फाइल (चित्र आणि आवाज असलेली डीव्हीडीची फाइल) मीडियाइन्फोमध्ये टाका. एमपेग-१, ३५२ बाय २८८ आणि आवाज ४८ दिसला की काम बरोबर. व्हीओबी एक-एक जीबीच्या तुकड्यांत पडलेली दिसेल, ते नियमाप्रमाणेच आहे.

जागेचा हिशेब चांगला लागतो. व्हीसीडी मिनिटाला साधारण साडेदहा एमबी खाते. म्हणजे ४.७ जीबीच्या एका डीव्हीडीवर सात तासांपर्यंत, म्हणजे तासाभराच्या सहा व्हीसीडी सहज बसतात. बाजारातली ‘फुल डीव्हीडी क्वालिटी’ म्हणजे हेच ३५२ बाय २८८चं चित्र ७२० बाय ५७६ला ताणून सहा हजार किलोबिटने पुन्हा दाबलेलं. एका डीव्हीडीवर दीड-पावणेदोन तासच मावतात, म्हणून डिस्क जास्त लागतात आणि पैसेही जास्त. ताणण्याचं काम प्लेयर आणि टीव्ही आपणहून करतातच. व्हीसीडीतले चौकोन आणि कडांभोवती माश्यांसारखे वळवळणारे ठिपके हा नवा एन्कोडर खरा तपशील समजून जपून ठेवतो आणि वर स्वतःची भर घालतो. शालूचा काठ आधीच पुसट असतो, तो आता चिखल होतो.

आवाजाबाबत एक चूक कानाने पकडता येते. ४४.१चा आवाज ४८ करताना प्रत्येक नमुना नव्याने मोजावा लागतो, याला रिसॅम्पलिंग म्हणतात. काही जुनी साधनं ते न करता फाइलीच्या डोक्यावरचा आकडा तेवढा बदलतात. मग आवाज जवळजवळ नऊ टक्के वेगाने पळतो आणि दीड अर्धस्वराच्या जवळपास चढतो. काळी एकमध्ये लागलेला षड्ज पांढरी दोनच्याही वर जातो, चित्र मागे राहतं. गणेशोत्सवातल्या गाण्याच्या डिस्कवर हे लगेच कळतं. मोबाइलवरच्या तानपुऱ्याच्या ॲपने मूळ व्हीसीडीचा आणि नव्या डीव्हीडीचा षड्ज मिळवून बघा, एक स्वर इकडेतिकडे असता कामा नये.

आवाज एरवीही नव्याने बनतोच आहे, तेव्हा मूळ फारच हळू असेल तर त्याच टप्प्यावर वाढवून घ्या. पण बेताने. शहनाई आणि ढोल एकत्र आले की तो फाटतो. काही डिस्कवर डाव्या आणि उजव्या बाजूला वेगवेगळा आवाज असतो. कराओकेच्या व्हीसीडीवर एका बाजूला गाण्यासकट आणि एका बाजूला नुसतं वाद्यसंगीत असतं. अशा डिस्कचा मोनो करू नका, दोन्ही एकात मिसळतील.

आता बिघाड. सगळ्यात जास्त विचारला जाणारा: सुरुवातीला ओठ जुळतात, पुढे पुढे आवाज मागे पडतो. याचं मूळ खराब जागांमध्ये असतं. जिथे सेक्टर गेले, तिथे चित्राच्या काही फ्रेम आणि आवाजाचे काही तुकडे गेले, आणि दोन्ही सारख्या लांबीचे गेले नाहीत. फाइलीत वेळेच्या खुणा असतात, त्या पाळल्या तर प्रत्येक खड्ड्यानंतर जोडी पुन्हा जुळते. पण चित्र आणि आवाज आधी दोन वेगळ्या फाइलींत काढून मग जोडले, तर खुणा हरवतात आणि प्रत्येक खड्ड्याचा फरक साठत जातो. म्हणून वेगळे काढूच नका. एफएफएमपेग हे आज्ञा लिहून चालवायचं फुकट सॉफ्टवेअर वापरता येत असेल तर आवाजाच्या रिसॅम्पल फिल्टरमध्ये ‘असिंक’ १ करा. तो खड्ड्याच्या जागी तेवढी शांतता भरतो.

दुसरा: डीव्हीडी लागते, पण पुढे सरकवली किंवा पुढच्या चॅप्टरवर गेलं की अडकते. व्हीसीडी बनवणाऱ्या काही जुन्या एन्कोडरनी सिक्वेन्स हेडर, म्हणजे चित्राची मापं सांगणारी नोंद, हा फाइलीच्या सुरुवातीलाच एकदा लिहिलेला असतो. डीव्हीडीला तो दर अर्ध्या सेकंदाच्या गटाच्या तोंडाशी लागतो, नाहीतर मधून सुरू करताना चित्राची मापंच प्लेयरला कळत नाहीत. एफएफएमपेगचा ‘डम्प एक्स्ट्रा’ नावाचा बिटस्ट्रीम फिल्टर तो हेडर प्रत्येक ठिकाणी घालतो, चित्राला धक्का न लावता.

तिसरा: तीन व्हीसीडींचं एकच लग्न, म्हणून तिन्ही फाइली कॉपीच्या आज्ञेने एकमेकींना चिकटवल्या. प्रत्येक फाइलीत घड्याळ शून्यापासून सुरू होतं, त्यामुळे जोडाच्या जागी प्लेयर गोंधळतो, वेळ उलटी दाखवतो किंवा थांबतो. तिन्ही वेगवेगळे टायटल म्हणून घ्या आणि डीव्हीडीस्टायलरमध्ये प्रत्येकाच्या शेवटी ‘पुढच्या टायटलवर जा’ अशी आज्ञा द्या. बघणाऱ्याला सलगच दिसेल.

चौथा: मीडियाइन्फो व्हिडिओचा बिटरेट २००० किंवा त्याहून जास्त दाखवतो. ही नियमबाह्य व्हीसीडी, काही व्हिडिओवाले चित्र बरं दिसावं म्हणून अशी बनवत. ती १८५६च्या मर्यादेबाहेर आहे, म्हणून इथे एमपेग-२ करावंच लागेल. मापं ३५२ बाय २८८च ठेवा आणि बिटरेट मुळापेक्षा दीडपट द्या.

एसव्हीसीडीला मात्र एन्कोडिंग टळत नाही. ४८० बाय ५७६ हे माप डीव्हीडीच्या यादीत नाही. हेडर बदलून प्लेयरला फसवण्याची युक्ती आहे, काही प्लेयर फसतातही, पण पुढच्या प्लेयरवर तीच डिस्क चालेल याची हमी नाही, तेव्हा ठेवणीच्या कामाला ती नको. ७२० बाय ५७६ करा, बिटरेट ४५०० किलोबिटच्या आसपास, दोन फेऱ्यांचं एन्कोडिंग. दोन तासांहून थोडं जास्त एका डीव्हीडीवर येईल. एक गोष्ट इथे जपायची: उंचीतल्या ५७६ रेषा तशाच राहतात, फक्त रुंदी बदलते, म्हणून इंटरलेस (एकाआड एक रेषांच्या दोन फील्डमध्ये विभागलेलं) चित्र इंटरलेसच ठेवा आणि वरची-खालची फील्ड कोणती आधी ते मीडियाइन्फोत बघून तेच द्या. उलटं दिलंत तर वरातीत नाचणारी माणसं मागेपुढे थरथरतात. ३५२ बाय ५७६ची डिस्क निघाली तर सुटलात. ते माप डीव्हीडीला चालतं, व्हीसीडीसारखाच फक्त आवाज बदला.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली व्हीसीडी असेल तर ती बहुधा एनटीएससी, म्हणजे तिकडच्या टीव्हीच्या पद्धतीची असते, ३५२ बाय २४०, सेकंदाला २९.९७ फ्रेम. तिची पाल डीव्हीडी करायच्या भानगडीत पडू नका. हालचाल झटके देते. वेगळी एनटीएससी डीव्हीडी करा, आपल्याकडचे प्लेयर आणि टीव्ही ती दाखवतात. फक्त पाल आणि एनटीएससी एकाच डिस्कवर मिसळू नका. फ्रेम २३.९७६ दिसल्या तर ती सिनेमाच्या वेगाची व्हीसीडी, एमपेग-१मध्ये तिला डीव्हीडीच्या वेगावर आणणाऱ्या खुणा घालता येत नाहीत, म्हणून एमपेग-२ करणं भाग आहे.

थाळीएवढ्या, ३० सेंटिमीटरच्या लेझरडिस्कचा प्रश्न निराळाच. त्यातलं चित्र ॲनालॉग असतं, फाइल काढण्यासारखं त्यात काही नाही. चालू लेझरडिस्क प्लेयर मिळवायचा, त्याची पिवळी व्हिडिओ वायर आणि लाल-पांढरी आवाजाची वायर कॅप्चर उपकरणाला जोडायची आणि ती चालत असताना रेकॉर्ड करायचं. साध्या डिस्कची एक बाजू सुमारे एक तास चालते. इथे पूर्ण ७२० मापाचं चित्र आणि सहा-सात हजार किलोबिट सार्थकी लागतात.

डिस्क जाळायला आयएमजीबर्न घ्या, ‘व्हिडिओ_टीएस’ फोल्डर दाखवला की ते डीव्हीडी-व्हिडिओची फाइल-पद्धत स्वतः विचारून लावतं. जुन्या प्लेयरसाठी ‘मायनस आर’ डीव्हीडी घ्या. ‘प्लस आर’च असेल तर बुक टाइप (डिस्कचा प्रकार सांगणारी नोंद) डीव्हीडी-रॉम करून जाळा, रायटरला ते येत असेल तर. १६ एक्सच्या डिस्कला ८ एक्स वेग बरा. फारच कमी वेग दिला तर उलट वाईट जळते, कारण तिचं रंगद्रव्य त्या वेगासाठी बनवलेलं नसतं. शेवटी ‘व्हेरिफाय’ आणि डिस्क बंद करणं, दोन्हीवर खूण हवीच. डिस्क बंद झाली नाही तर संगणकावर लागते आणि प्लेयरवर नाही. उन्हाळ्यात दुपारी वीज जाते, म्हणून यूपीएस नसेल तर सकाळी जाळा. पहिला प्रयोग पुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडीवर करून घरच्या प्लेयरवर लावून बघा, मग उरलेल्या करा.

लेबलचा कागद चिकटवू नका. तो उन्हाने एका बाजूने सुटतो, डिस्कचा तोल जातो आणि काठाकडचा भाग वाचला जात नाही. पाण्याच्या शाईच्या मऊ टोकाच्या मार्करने आतल्या पारदर्शक कड्यावर नाव आणि साल लिहा. कडक प्लास्टिकच्या डब्यांत उभ्या ठेवा, गोदरेजच्या कपाटात पण पश्चिमेच्या भिंतीला लागलेल्या कपाटात नको.

प्लेयरला यूएसबीचं भोक असेल तर डीव्हीडी न करताही चालतं. वेष्टन काढलेली एमपीजी फाइल एफएटी-३२ केलेल्या पेनड्राइव्हवर टाका, बरेच प्लेयर एमपेग-१ थेट लावतात आणि आवाजाचे ४४.१ही त्यांना खपतात. मेनू मिळणार नाही, बाकी सगळं तेच.

काम बाहेर द्यायचं असेल तर दुकानदाराला कागदावर लिहून द्या: पाल, ४:३, व्हिडिओ कॉपी, आवाज एसी-३ ४८ किलोहर्ट्झ, आणि डीव्हीडीबरोबर मूळ एमपीजी फाइली पेनड्राइव्हवर. घ्यायला जाल तेव्हा तिथेच एक व्हीओबी फाइल मीडियाइन्फोत उघडून बघा. ७२० बाय ५७६ दिसलं तर त्याने चित्र ताणलंय, पण पेनड्राइव्हवरच्या एमपीजी फाइली नीट असतील तर घरी तासाभरात नव्याने करता येईल. मूळ व्हीसीडी मोजून परत घ्या.